प्रवाळटाकीतील आजारांचे निदान व कीडनियंत्रण

घरगुती खाऱ्या पाण्याच्या टाकीत वाढवलेल्या प्रवाळाची प्रकृती का खालावली हे शोधणे, आणि त्याला खाणाऱ्या किंवा त्याची जागा बळकावणाऱ्या जीवांना आवर घालणे, ही रीफ टँक पाळणाऱ्याची दोन जोडकामे. बहुतेक नवशिके ती उलट्या क्रमाने करतात : औषध आधी, कारण मागाहून.

पांढऱ्या पडलेल्या भागावर मांस शिल्लक आहे का, हा निदानाचा पहिला प्रश्न. प्रवाळाच्या ऊतींत झूझॅन्थेली हे सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशात ते बनवीत असलेल्या अन्नावर प्रवाळाची बरीचशी गुजराण चालते. पाणी तापले किंवा दिवा एकाएकी प्रखर केला की हे शैवाल बाहेर पडते व पारदर्शक मांसातून सांगाडा पांढरा दिसू लागतो. हे विरंजन. भिंगातून पाहिले तर पॉलिपांचे (प्रवाळातील एकेका सूक्ष्म जीवाचे) बारीक संस्पर्शक अजून हलत असतात. असा प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. प्रकाश कमी करून बारीक खाद्य दिल्यास तो सावरू शकतो.

मांसच सोलल्यासारखे सुटले असेल तर तो ऊतिनाश. संथ प्रकार (एसटीएन) बहुधा बुंध्याकडून दिवसागणिक वर सरकतो. जलद प्रकारात (आरटीएन) काही तासांत अख्खी फांदी उघडी पडते. तेव्हा निरोगी टोके मेलेल्या व जिवंत मांसाच्या सीमारेषेच्या बरीच वर कापून वेगळी ठेवावीत, त्याहून खात्रीचा उपाय नाही. उघड्या सांगाड्यावर थोड्याच दिवसांत शेवाळ चढते. त्यामुळे शुभ्र पट्टा ताजा आणि मळकट पट्टा जुना, हे नुसत्या डोळ्यांनी कळते. टॉर्च, हॅमर अशा युफायलिया प्रवाळांवर तपकिरी, बुळबुळीत, कुजका वास येणारा थर दिसला तर पंप बंद करून तो नळीने ओढून घ्यावा आणि बाधित तोंड (फांदीच्या टोकाचा पॉलिप) कापून टाकीबाहेर काढावे; पंप चालू ठेवल्यास हीच घाण शेजारच्या तोंडांवर जाऊन बसते.

कीड शोधण्याआधी पाणी तपासावे. क्षारता ३५ पीपीटी (हजारात भाग), तापमान २५–२६ अंश सेल्सिअस, अल्कलिनिटी (पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटचे प्रमाण) ८–९ डीकेएच (तिचे एकक), कॅल्शियम ४००–४५० पीपीएम (दहा लाखांत भाग) हे सर्वसाधारण मापदंड. आकडा थोडा इकडेतिकडे असण्यापेक्षा त्याची उडी घातक. अल्कलिनिटी एका दिवसात १ डीकेएचहून जास्त हलू देत नाहीत. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणण्याचा हट्टही प्रवाळाला फिकट करतो. शेजारीही पाहावा : गॅलॅक्सिया हा प्रवाळ रात्री लांबलचक डंखधारी तंतू सोडून जवळच्या प्रवाळाला भाजून काढतो, आणि दिवसा मात्र निष्पाप दिसतो.

एवढे सगळे ठीक असेल तर कीड. फांद्यांनी वाढणाऱ्या अ‍ॅक्रोपोरावर फिकट गोल चावे दिसले की चपट्या कृमीचा संशय घ्यावा. त्याचा रंग यजमानाशी इतका जुळतो की तो बसल्या जागी सहसा दिसत नाही. पिपेटने पाण्याचा झोत मारला की सुटून तरंगतो. त्याची तपकिरी अंडी बुंध्याजवळच्या मेलेल्या भागावर चिकटलेली असतात. डिपमध्ये (औषधी पाण्यात) बुडवल्याने कृमी मरतात, अंडी मरत नाहीत. सारी ग्यानबाची मेख इथेच आहे. म्हणून अंडी खरवडून, फ्रॅगखालचा (प्रवाळाच्या कापून लावलेल्या तुकड्याखालचा) जुना प्लग म्हणजे बैठक फेकून, दर आठवड्याला पुन्हा डिप देतात. नवा प्रवाळ वेगळ्या टाकीत काही आठवडे ठेवणे कंटाळवाणे असले तरी मुख्य टाकीतला बंदोबस्त त्याच्या कितीतरी पट जिकिरीचा. मॉन्टिपोरा प्रवाळाच्या थाळीखाली लपणारी पांढरी न्यूडिब्रँक (बिनशंखाची समुद्री गोगलगाय) याच रीतीने हाताळतात. अ‍ॅक्रोपोरावरच्या लाल ठिपक्यांच्या सूक्ष्म ‘रेड बग’वर कुत्र्यांच्या कृमिनाशकातील मिल्बेमायसिन ऑक्सिम चालते, पण त्याने टाकीतील कोळंबी आणि खेकडेही मरतात.

एप्टेशिया हे छोटे समुद्रपुष्प चिरडू नये. तुटलेल्या तुकड्यांतून नवी उगवतात. त्याच्या तोंडात कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट सिरिंजने सोडतात. बर्गिया ही न्यूडिब्रँक फक्त एप्टेशियाच खाते आणि ते संपले की स्वतः उपाशी मरते. मेलेल्या प्रवाळावर रात्री सापडणारा केसाळ ब्रिसल वर्म मात्र बहुतेक वेळा नाहक बदनाम होतो. तो मेलेले मांस साफ करायला आलेला असतो.

झोअँथिड आणि पॅलिथोआ यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असते. कीड मारण्यासाठी असे प्रवाळ चिकटलेले खडक कधीही उकळू नयेत, कारण वाफेतून विषबाधा होते. हे प्रवाळ कापताना किंवा खरवडताना हातमोजे आणि चश्मा घालावा.