एक्झिमा दिसला की लगेच दुधाचा डबा बदलायचा का?

माझी भाची साडेतीन महिन्यांची होती तेव्हा तिचे दोन्ही गाल किसणीवर घासल्यासारखे झाले होते. आधी नुसते लाल, मग खरखरीत, मग त्यातून पाणी यायला लागलं, आणि त्या वयात हाताने नीट खाजवता येत नाही म्हणून रात्रभर डोकं गादीवर इकडून तिकडे घासत राहायची. बाळ पूर्ण फॉर्म्युलावर, म्हणजे डब्याच्या दुधावर (का ते विचारू नका, त्या प्रश्नाने बहीण आधीच पकली होती). घरात जितकी माणसं तितकी निदानं. आजी म्हणे उष्णता बाहेर पडतेय, शेजारच्या काकू म्हणे डब्याचं दूध बाधलंय, सरळ गायीचं सुरू करा, आणि फॅमिली ग्रुपवर कोणीतरी बकरीचं दूध सुचवून मोकळं झालं. गंमत म्हणजे एक्झिमा (कातडी कोरडी, लाल होऊन खाजण्याचा हा आजार) हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ उकळून बाहेर येणं, आपलं दूध उतू जातं तसंच. म्हणजे शब्दापुरती तरी आजी बरोबर होती.

आधी काकूंचा सल्ला बघू. डब्यातली पावडर बहुतेक वेळा गायीच्याच दुधाची असते. त्यामुळे दूध बाधत असेल तर डब्यावरून गायीच्या दुधावर जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. दुधाची अ‍ॅलर्जी ही त्यातल्या प्रोटीनची असते, केसीन आणि व्हे (दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातलं). व्हेमधलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन तर आईचं शरीर स्वतः बनवतच नाही, त्यामुळे काही बाळांची इम्युन सिस्टीम ते परकं समजून अंगावर धावून जाते. बकरीच्या दुधातली प्रोटीन्स इतकी मिळतीजुळती आहेत की गायीचं न चालणाऱ्या दहातल्या नऊ बाळांना तेही चालत नाही, म्हशीचंही तेच. आणि लॅक्टोज-फ्री डबा? लॅक्टोज ही दुधातली साखर, तिचा या भांडणाशी संबंधच नाही. नाचणीचं सत्व, बदामाचं दूध वगैरे तर या वयात दुधाच्या जागी द्यायचंच नाही.

अ‍ॅलर्जीचे दोन प्रकार. एक झटपट, दूध पोटात गेल्यापासून काही मिनिटं ते दोन तासांत अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, उलट्या, कधी श्वासाला त्रास. बाळ धापा टाकतंय किंवा एकदम मलूल पडलंय तर सरळ हॉस्पिटल, बाकी चर्चा नंतर. दुसरा प्रकार सावकाश, काही तास ते दोन-तीन दिवसांनी उगवणारा, शीमध्ये आव किंवा रक्ताच्या रेषा, सारखं ओकणं, वजन न वाढणं, एक्झिमा भडकणं. हा दुसरा प्रकारच डोक्याला ताप, कारण रक्ताच्या टेस्टमध्ये तो सापडत नाही. आणि उलटंही होतं, एक्झिमा असलेल्या बाळांची आयजीई टेस्ट (झटपट प्रकारासाठीची रक्ताची टेस्ट) पॉझिटिव्ह येते पण ती तेच दूध मजेत पित असतात. टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे शरीराने ओळख ठेवलीये एवढंच, भांडण होईलच असं नाही.

आता मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो तो भाग. आपण धरून चालतो की आधी पोटात दूध बाधलं आणि मग ते कातडीवर उमटलं. पण बऱ्याच बाळांमध्ये गाडी उलटी धावते. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी युनिव्हर्सिटीच्या टीमने दाखवलं की फिलॅग्रिन नावाच्या प्रोटीनच्या जीनमध्ये बिघाड असला की एक्झिमाची शक्यता खूप वाढते. फिलॅग्रिन म्हणजे कातडीच्या विटा मजबूत ठेवणारा माल समजा. तो कमी पडला की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरच्या गोष्टी आत शिरतात, आणि अन्नाचा कण असा फाटक्या कातडीतून आत गेला की शरीर त्याला शत्रू म्हणून नोंदवतं, तर तोच कण तोंडावाटे गेला की बहुतेक वेळा त्याची सवय करून घेतं. लंडनचे गिडियन लॅक यांनी मांडलेली ही कल्पना. जपानमध्ये याचा विचित्र पुरावा मिळाला. तिथे गव्हाचं प्रोटीन घातलेला एक फेस सोप खूप चालला आणि तो वापरणाऱ्या दोन हजारांवर लोकांना, आयुष्यभर गहू खाल्लेल्या मोठ्या माणसांना, गव्हाची अ‍ॅलर्जी झाली. चेहरा धुवून!

हे वाचलं आणि मला आमच्या बाळाची अंघोळ आठवली. पाटावर पाय पसरून बसलेल्या मावशी, वाटीत दुधाची साय, त्यात डाळीचं पीठ आणि हळद, आणि त्या लाल गालांवर लव जावी म्हणून चोळचोळ. धडधाकट कातडीला काही होत नसेलही, पण ओल सुटलेल्या एक्झिमावर साय आणि बेसन म्हणजे शत्रूला दार उघडून देणं. मावशींना सांगायला बहिणीला चार दिवस लागले, त्या रुसल्या पण ऐकलं.

म्हणून आधी कातडी. कोमट पाण्याची छोटी अंघोळ, टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, आणि ओल असतानाच बिनवासाचं जाड मॉइश्चरायझर थापायचं, दिवसातून तीन-चारदा, कंजुषी न करता. भडकलेल्या जागी डॉक्टरांनी दिलेलं सौम्य स्टिरॉइड. स्टिरॉइड म्हटल्यावर बहिणीने ती ट्यूब कपाटात टाकली, आणि आठ दिवसांनी त्याच डॉक्टरांकडे जाऊन औषध लागू पडत नाही म्हणाली. माप सोपं आहे, मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी रेघ मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या भागाला पुरते. फक्त केमिस्टने हातात दिलेली तीन-चार औषधांची खिचडी असलेली क्रीम नको, त्यात फार जहाल स्टिरॉइड असू शकतं.

हे सगळं नीट करूनही गाल निवत नसतील, किंवा जोडीला शीमध्ये रक्त, वजन अडलेलं असं काही असेल, तर दुधावर संशय घ्यायला जागा आहे. मग डॉक्टर एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड फॉर्म्युला देतात. त्यात प्रोटीन इतकं बारीक चिरलेलं असतं की शरीराला ते ओळखू येत नाही. डब्यावर नुसतं एचए (हायपोअॅलर्जेनिक) किंवा पार्शली लिहिलं असेल तर ते अर्धवट चिरलेलं, अ‍ॅलर्जी झाल्यावर उपयोगाचं नाही. थोड्या बाळांना पूर्ण चिरलेलंही सोसत नाही, त्यांना अमिनो अ‍ॅसिडवालं लागतं. डबा उघडल्यावर जो वास येतो तो मी सांगत नाही, चव कडवट, आणि शी हिरवी होते, तिला घाबरायचं नाही.

ट्रायल दोन ते चार आठवडे, एक्झिमासाठी कधी सहा. आणि इथेच सगळे फसतात. बाळ सुधारलं की आनंदीआनंद, प्रयोग तिथेच संपतो. पण एक्झिमा तसाही चढउतार करत असतो, वर नवीन क्रीमही त्याच आठवड्यात सुरू केलेलं, मग श्रेय कोणाचं? जुनं दूध परत देऊन त्रास परत येतो का हे बघितल्याशिवाय सावकाश प्रकारची अ‍ॅलर्जी म्हणायचंच नाही. ते डॉक्टरांना विचारून, कारण मोठ्या खंडानंतर एक्झिमावाल्या बाळाला कधी कधी झटपट रिअ‍ॅक्शन येते, आणि आधी तशी आलेली असेल तर फक्त हॉस्पिटलमध्येच. ही दुसरी पायरी गाळली की काय होतं बघा, इंग्लंडमध्ये २००६ ते २०१६ मध्ये अशा स्पेशल फॉर्म्युलाची प्रिस्क्रिप्शन्स साधारण एक लाखावरून सहा लाखांवर गेली, आणि खरी अ‍ॅलर्जी इतकी वाढल्याचा पुरावा कुठेच नाही. ज्यांना खरंच असते त्यातलीही बहुतेक बाळं शाळेत जाईपर्यंत त्यातून बाहेर पडतात, आधी बिस्किटात भाजलेलं दूध पचतं, मग हळूहळू दही, मग साधं दूध.

आमच्याकडे ट्रायलच्या साडेतीन आठवड्यांनी जुना डबा परत सुरू केला, पहिल्या दिवशी एका बाटलीत थोडा, मग वाढवत. बहीण रोज सकाळी खिडकीपाशी त्याच उजेडात गालांचा फोटो काढून मला पाठवायची. सात फोटो आले, सगळे सारखे. तो वासाचा डबा अर्धा उरलाय, वरच्या फळीवर, आणि खाली मॉइश्चरायझरची तिसरी बाटली.