दक्षिण मुंबईचा कौल : चाळी, बाजारपेठा आणि मतदारसंघाच्या सीमारेषा

दक्षिण मुंबई लोकसभा मतदारसंघाची चर्चा सुरू झाली की मलबार हिल, कफ परेड, नरिमन पॉइंट, शेअर बाजार आणि मतदान करून शाई लागलेले बोट दाखवणारे उद्योगपती, एवढेच चित्र बहुतेकांसमोर उभे राहते. मंत्रालय, विधान भवन आणि अनेक वृत्तपत्रांच्या जुन्या कचेऱ्या याच भागात असल्यामुळे या चित्राला प्रसिद्धीही भरपूर मिळते. प्रत्यक्षात लालबाग, काळाचौकी, शिवडी, वरळी, भायखळा, नागपाडा, डोंगरी आणि कामाठीपुरा हे भागही याच मतदारसंघात आहेत, आणि गेल्या काही निवडणुकांत कोण निवडून यायचे ते प्रामुख्याने त्यांनीच ठरवले आहे. हे असे का घडले, हे समजून घेण्यासाठी पक्षांच्या चढउतारांइतकेच मतदारसंघाच्या बदलत गेलेल्या सीमांकडे पाहावे लागते. येथील राजकारण जातिधर्माच्या बेरजेवर चालते असे सांगितले जाते ते खरे आहे, पण त्या बेरजेत कोणत्या वस्त्या धरायच्या याचा निर्णय अनेकदा निवडणुकीच्या बराच आधी झालेला असतो.

बेटाच्या या दक्षिण टोकावर वस्ती दाट आणि तुकड्यातुकड्यांनी होत गेली. कुलाबा आणि वरळीचे कोळीवाडे सर्वांत जुने. काळबादेवी, भुलेश्वर, मशीद बंदर या बाजारपेठांत गुजराती, कच्छी, मारवाडी आणि जैन व्यापारी स्थिरावले. डोंगरी ते नागपाडा या पट्ट्यात खोजा, बोहरा, मेमन, कोकणी मुसलमान आणि मदनपुऱ्यातील मोमीन विणकर अशी मुस्लिम समाजाचीच अनेक रूपे एकमेकांच्या शेजारी नांदू लागली, त्यामुळे ‘मुस्लिम मते’ हा शब्दप्रयोग येथे पूर्वीपासूनच काहीसा ढोबळ ठरत आला आहे. धोबी तलाव आणि माझगाव परिसरात गोव्याहून आलेल्यांचे कूड, म्हणजे सामूहिक निवास, होते, पारशांच्या बागा होत्या, भायखळ्याजवळ बगदादी ज्यूंची वस्ती होती आणि कामाठीपुऱ्यात बांधकामावर आलेले तेलुगू कामगार. गिरगावात मराठी मध्यमवर्गाच्या चाळी, तर त्याच्या उत्तरेला गिरण्यांच्या भोंग्यावर चालणारे मराठी कामगारांचे जग, म्हणजेच गिरणगाव, ज्याच्या मागे कोकण आणि घाटावरची गावे उभी होती. 1896 च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सुधार मंडळाच्या बीआयटी चाळी आणि 1920 च्या दशकातील बीडीडी चाळी यांनी या लोकसंख्येला पक्के छप्पर दिले. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने आणि एकरकमी पैसे मोजून कायमचा भाडेहक्क घेण्याच्या पागडी पद्धतीने तिला तेथेच धरून ठेवले. घर सोडणे परवडत नाही आणि घरमालकाला दुरुस्ती परवडत नाही, अशा स्थितीत तीन पिढ्या एकाच खोलीत काढणारा मतदार हा या मतदारसंघाचा मूळ घटक आहे, असे म्हटले तर चूक होणार नाही.

स्वातंत्र्यानंतरची पहिली पंधरा वर्षे या जागेवर स. का. पाटील यांची हुकमत होती. मूळचे कोकणातील पाटील तीन वेळा मुंबईचे महापौर झाले, मुंबई काँग्रेसवर त्यांची पकड होती आणि व्यापारी व उद्योगपतींकडून पक्षासाठी निधी उभा करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. संयुक्त महाराष्ट्राला त्यांनी विरोध केला आणि त्याबद्दल मराठी जनतेचा रोष ओढवून घेतला. तरीही 1957 मध्ये, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत शेजारच्या मध्य मुंबईतून श्रीपाद अमृत डांगे निवडून आले असताना, पाटील यांनी दक्षिण मुंबई राखली. या एका निकालात त्या काळच्या मतदारसंघाचा स्वभाव दिसतो. समितीची ताकद गिरणगावात होती आणि गिरणगाव पाटलांच्या सीमेबाहेर होता. त्यांच्या वाट्याला आलेल्या भागात बाजारपेठांचे आणि बिगरमराठी समाजांचे वजन मोठे होते, आणि मुंबई महाराष्ट्रात जाण्याबद्दल त्या समाजांच्या मनात शंका होत्या. 1962 मध्येही पाटीलच विजयी झाले.

1967 चा पराभव म्हणूनच इतका धक्कादायक वाटला. संयुक्त सोशालिस्ट पक्षाचे जॉर्ज फर्नांडिस हे मंगळुरूचे, मातृभाषेने कोंकणी, वयाने 36 वर्षांचे, महापालिकेत नगरसेवक आणि टॅक्सीचालक, पालिका कामगार व बेस्ट कर्मचारी यांचे पुढारी. केंद्रात रेल्वेमंत्री असलेल्या पाटील यांना देवसुद्धा हरवू शकणार नाही, असे खुद्द पाटीलच म्हणाल्याची आणि ‘देव नाही, तर तुम्ही हरवू शकता’ असा प्रचार फर्नांडिस यांनी केल्याची आठवण अजूनही सांगितली जाते. शब्द नेमके काय होते यापेक्षा त्या प्रचाराची रीत महत्त्वाची आहे. धर्म, भाषा आणि प्रांत यांनी विभागलेल्या मतदारसंघात फर्नांडिस यांनी पोटापाण्याच्या धाग्याने माणसे जोडली. टॅक्सी चालवणारा उत्तर भारतीय, पालिकेचा दलित सफाई कामगार आणि बेस्टमधला मराठी कंडक्टर यांच्यात समान असे काही असेल तर ते कामगार संघटनेचे पावतीपुस्तक होते. सुमारे 48.5 टक्के मते घेऊन फर्नांडिस जिंकले आणि ‘जायंट किलर’ ही बिरुदावली त्यांना कायमची चिकटली. मात्र ही जोडणी त्यांच्यानंतर टिकली नाही. 1971 च्या इंदिरा लाटेत ही जागा काँग्रेसकडे परत गेली.

आणीबाणीनंतर 1977 मध्ये जनता पक्षाचे रतनसिंह राजदा निवडून आले. त्याहून लक्षणीय म्हणजे 1980 मध्येही तेच निवडून आले. देशभर इंदिरा गांधी प्रचंड बहुमताने परतत असताना मुंबईच्या सहापैकी पाच जागा काँग्रेसच्या हाती लागल्या नाहीत. शहरातील शिक्षित मध्यमवर्गाचा आणीबाणीवरचा राग देशाच्या इतर भागांपेक्षा अधिक काळ टिकला, हा एक भाग झाला. गुजराती मतदार मोरारजींच्या काळापासून काँग्रेसच्या मूळ प्रवाहापासून दुरावत चालला होता, हा दुसरा. भारतीय जनता पक्षाला या भागात पुढे जो पाया मिळाला, तो याच काळात घातला गेला.

1984 पासून मुरली देवरा यांचा काळ सुरू होतो. मुंबईचे माजी महापौर आणि दोन दशकांहून अधिक काळ मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष राहिलेले देवरा यांचे उद्योगजगताशी असलेले संबंध सर्वश्रुत होते, पण केवळ तेवढ्यावर त्यांनी 1984, 1989 आणि 1991 अशा सलग तीन निवडणुका जिंकल्या नाहीत. मारवाडी आणि गुजराती व्यापाऱ्यांचा एक हिस्सा, मुस्लिम मोहल्ले, ख्रिस्ती व पारशी मतदार आणि झोपडपट्ट्यांतील गरीब यांची मोट त्यांनी बांधली होती. 1992-93 च्या दंगली आणि मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर ती सैल झाली. काँग्रेसचेच सरकार असताना आपले संरक्षण झाले नाही, ही मुस्लिम मतदारांची भावना होती, तर हिंदू व्यापारी वर्ग भाजपकडे अधिक वेगाने सरकला. 1996 मध्ये भाजपच्या जयवंतीबेन मेहता यांनी देवरा यांचा पराभव केला, 1998 मध्ये देवरा परत आले आणि 1999 मध्ये पुन्हा मेहता. 2004 मध्ये मुरली देवरा यांचे चिरंजीव मिलिंद देवरा सुमारे दहा हजार मतांनी जिंकले. तराजू दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा झाला होता.

या साऱ्या काळात गिरणगावाची कथा वेगळ्या मतदारसंघात, दक्षिण मध्य मुंबईत, घडत होती. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप फसला, पण 1984 च्या निवडणुकीत, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीच्या लाटेतही, संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत तेथून अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. 1989 मध्ये शिवसेनेचे वामनराव महाडिक आणि 1991 पासून सलग मोहन रावले यांनी ती जागा जिंकली. लाल बावट्याकडून भगव्याकडे झालेला गिरणगावाचा हा प्रवास गिरण्यांच्या अखेरच्या घरघरीबरोबर पूर्ण झाला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकासासाठी खुल्या केल्या आणि 2001 मधील दुरुस्तीने कामगारांच्या घरांसाठी व मोकळ्या जागांसाठी मिळणारा वाटा आक्रसला. पुढे चिमण्या पाडून मॉल आणि मनोरे उभे राहिले. अनेक कुटुंबे कल्याण-डोंबिवली, वसई-विरारकडे गेली, पण चाळींतून राहिलेल्यांची संख्या निवडणूक फिरवण्याइतकी मोठी राहिली.

आता सीमारेषांकडे वळता येईल. 2008 पर्यंत दक्षिण मुंबईत कुलाबा, उमरखाडी, मुंबादेवी, खेतवाडी, ऑपेरा हाउस आणि मलबार हिल हे सहा विधानसभा मतदारसंघ होते. ही आखणी 1971 च्या जनगणनेवर आधारलेली होती. दरम्यान उपनगरांची लोकसंख्या कितीतरी पटींनी वाढली आणि मुंबई शहर जिल्ह्याची मात्र जवळपास जागच्या जागी राहिली. 2001 मध्ये ती सुमारे 33.4 लाख होती आणि 2011 मध्ये 30.9 लाखांपर्यंत उतरली. नव्या पुनर्रचनेत शहर जिल्ह्यातील विधानसभेच्या जागा 17 वरून 10 वर आल्या. उमरखाडी, खेतवाडी, ऑपेरा हाउस, नागपाडा, माझगाव ही नावे विधानसभेच्या नकाशावरून पुसली गेली आणि दक्षिण मुंबई उत्तरेकडे पसरून वरळी, शिवडी, भायखळा, मलबार हिल, मुंबादेवी व कुलाबा असा नवा मतदारसंघ तयार झाला. ज्या गिरणगावाच्या गैरहजेरीमुळे पाटील 1957 मध्ये वाचले होते, त्याचा मोठा भाग आता दक्षिण मुंबईत आला होता. माझ्या मते या मतदारसंघाच्या इतिहासातील 1967 नंतरचा सर्वांत मोठा बदल हाच आहे, जरी त्या वेळी त्याची चर्चा आकडेमोड करणाऱ्या कार्यकर्त्यांपलीकडे फारशी झाली नाही.

चर्चा न होण्याचे एक कारण 2009 चा निकाल. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर पाच महिन्यांनी ही निवडणूक झाली. ताज आणि ओबेरॉयच्या परिसरातला उच्चभ्रू मतदार आता जागा झाला आहे, असे तेव्हा बरेच लिहिले गेले. बँकिंग क्षेत्रातील मीरा सन्याल अपक्ष म्हणून उभ्या राहिल्या. मतदान मात्र 40 टक्क्यांच्या आसपासच झाले. मिलिंद देवरा यांना 2,72,411 मते मिळाली आणि ते लाखाहून अधिक मताधिक्याने जिंकले. दुसऱ्या क्रमांकावर मनसेचे बाळा नांदगावकर 1,59,729 मतांसह आणि तिसऱ्या क्रमांकावर शिवसेनेचे मोहन रावले 1,46,118 मतांसह राहिले. या दोघांची बेरीज देवरा यांच्या मतांपेक्षा तेहतीस हजारांनी जास्त होती. काँग्रेसचा तो विजय दोन सेनांच्या भांडणाने दिला होता.

2014 मध्ये मनसेचा जोर ओसरला, मोदी लाट आली आणि शिवसेनेचे अरविंद सावंत सुमारे 1 लाख 28 हजार मतांनी निवडून आले. एमटीएनएलमधील कामगार चळवळीतून पुढे आलेले सावंत निवडून येतील, असे दक्षिण मुंबईच्या क्लबांमधून फार कोणाला वाटले नव्हते. 2019 मध्ये मुकेश अंबानी यांनी एका चित्रफितीतून मिलिंद देवरा यांना जाहीर पाठिंबा दिला. देशभर त्याची बातमी झाली, पण निकालात सावंत पुन्हा सुमारे लाखभर मतांनी पुढे राहिले. शिवसेनेच्या पदरात चाळींतील मराठी मते होतीच. भाजपशी युती असल्यामुळे मलबार हिल आणि काळबादेवीची गुजराती, जैन व मारवाडी मतेही पडत होती. या दोन गटांचे एकमेकांशी फारसे सख्य नाही. मांसविक्रीवरील बंदीपासून इमारतींत मराठी माणसाला घर नाकारण्यापर्यंतचे वाद येथे वारंवार झडले आहेत. तरीही मतपेटीत ते दहा वर्षांत दोनदा एकत्र आले.

2022 मध्ये शिवसेना फुटली आणि ही जोडणी मोडली. जानेवारी 2024 मध्ये मिलिंद देवरा काँग्रेस सोडून एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत गेले आणि देवरा घराण्याचा या जागेवरचा चाळीस वर्षांचा काँग्रेसी अध्याय संपला. 20 मे 2024 च्या मतदानात सावंत ठाकरे गटाचे उमेदवार होते आणि त्यांच्यासमोर शिंदे गटाच्या यामिनी जाधव. सावंत 52,673 मतांनी जिंकले, पण मागच्या दोन वेळांपेक्षा अगदी वेगळ्या नकाशावर. मलबार हिल आणि कुलाब्यात ते मागे पडले. मलबार हिलमधली पिछाडी तर मोठी होती. ती भरून निघाली भायखळा आणि मुंबादेवीत, जेथील मुस्लिम मतदारांनी ‘मशाल’ या चिन्हावर भरभरून मते दिली. आदित्य ठाकरे यांच्या वरळीत मात्र आघाडी साडेसहा हजारांच्या आसपासच राहिली. 1993 मध्ये नागपाड्यात किंवा डोंगरीत राहणाऱ्या कोणाला ठाकरे यांच्या पक्षाचा खासदार आपल्या मतांवर दिल्लीला जाईल असे सांगितले असते, तर त्याने ऐकूनही घेतले नसते. ही मते उमेदवारावरील प्रेमापेक्षा केंद्रातील सत्तेविरुद्धची होती, असे म्हणणे वावगे ठरणार नाही, आणि ठाकरे गटाच्या नेत्यांनाही याची जाणीव असावी.

नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत राज्यभर महायुतीची लाट असतानाही या सहा जागांची विभागणी तशीच राहिली. मलबार हिल आणि कुलाबा भाजपकडे, मुंबादेवी काँग्रेसकडे, तर भायखळा, शिवडी आणि वरळी ठाकरे गटाकडे. वरळीत आदित्य ठाकरे यांच्याविरुद्ध खुद्द मिलिंद देवरा उभे होते आणि ते 8,801 मतांनी हरले.

दरम्यान मतदारसंघाची जमीनच बदलते आहे. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या, इमारतींची संख्या मुळात 19 हजारांहून अधिक होती. त्यांतील कित्येक पाडल्या गेल्या आणि उरलेल्या अनेक धोकादायक अवस्थेत उभ्या आहेत. भेंडी बाजारात सामूहिक पुनर्विकासातून मनोरे उभे राहिले आहेत. वरळीच्या 121 बीडीडी चाळींच्या जागी पाचशे चौरस फुटांची घरे बांधली जात आहेत आणि त्यांतील 556 घरांच्या चाव्या ऑगस्ट 2025 मध्ये रहिवाशांना मिळाल्या. जुन्या रहिवाशांच्या इमारतींशेजारी विक्रीसाठीचे मनोरेही उठणार आहेत, आणि त्यांत राहायला येणाऱ्यांची नावे वरळी-शिवडीच्या मतदार याद्यांत किती संख्येने चढतील, याचा हिशेब सर्वच पक्षांच्या शाखांमधून आतापासून मांडला जातो आहे.