सेन्सरचा ड्रायव्हर का नाकारला जातो : जुन्या लिनक्स संगणकांवरील पत्त्यांच्या वादाची पार्श्वभूमी

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, तेव्हा शाळा-कार्यालयांतील जुन्या संगणकांच्या पंख्यांचा वेग आणि प्रोसेसरचे तापमान यांवर नजर ठेवावीच लागते. अशा यंत्रांवर सेन्सर-चिपचा ड्रायव्हर (ती चिप हाताळणारा प्रोग्राम) लोड होत नाही आणि डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) संदेश-नोंदीत, ‘एसीपीआय रीजनशी कॉन्फ्लिक्ट’ असा इशारा दिसतो, तेव्हा चिप बिघडली असा निष्कर्ष सहसा चुकीचा ठरतो. खरी अडचण एकाच पत्त्यावर दोघांनी हक्क सांगितल्याची असते.

आयएसए या जुन्या जोडणी-पद्धतीच्या कार्डांच्या काळात पत्ते, म्हणजे प्रोसेसर ज्या क्रमांकांवरून उपकरणाशी बोलतो ते, जंपरने (कार्डावर हाताने बसवायच्या छोट्या जोडणीने) ठरत. ६४० केबी ते १ एमबी या अरुंद पट्ट्यात व्हिडिओ-मेमरी, बायॉस (संगणक सुरू करणारे, बोर्डावरचे फर्मवेअर) आणि काही नेटवर्क-कार्डांची सामायिक मेमरी यांची दाटी असे. आयएसएनंतर आलेल्या पीसीआयमध्ये पत्तेवाटप बायॉसकडे गेले आणि जंपरचा प्रश्न मागे पडला. कर्नलने प्रत्येक ड्रायव्हरला आपला पट्टा (पत्त्यांची सलग रांग) आधी नोंदवण्याची शिस्त लावली. ती नोंद आयओमेम आणि आयओपोर्ट्स या फाइलींत दिसते. मात्र ही व्यवस्था ड्रायव्हर-ड्रायव्हरमधील होती, फर्मवेअर तिच्या बाहेरच राहिले.

एसीपीआय (वीज व हार्डवेअर हाताळण्यासाठी फर्मवेअर आणि कर्नल यांच्यातील ठरलेली पद्धत) आल्यावर ही फट उघडी पडली, कारण त्यात फर्मवेअरने दिलेला कोड कर्नलमधील इंटरप्रिटरच (तो कोड वाचून चालवणारा भाग)  चालवतो आणि तो कोड कोणतीही नोंद न करता हार्डवेअरला हात घालू शकतो. सेन्सर-चिपच्या बाबतीत हे विशेष घातक ठरते. अनेक चिपांमध्ये एका पोर्टवर (पत्त्यावर) रजिस्टरचा (चिपमधील छोट्या साठवण-खान्याचा) क्रमांक लिहायचा आणि शेजारच्या पोर्टवरून त्याचे मूल्य वाचायचे, अशी दोन पायऱ्यांची रीत असते. ड्रायव्हरने क्रमांक लिहिल्यावर आणि मूल्य वाचण्यापूर्वी एसीपीआयच्या कोडने दुसराच क्रमांक लिहिला, तर तापमान म्हणून भलताच आकडा हाती येतो. ड्रायव्हर लिहीत असेल, तर पंख्याचे मूल्य भलत्याच रजिस्टरमध्ये जाते.

म्हणून २००९ च्या सुमारास कर्नलने कठोर पवित्रा घेतला : एसीपीआयने ज्या पट्ट्यावर हक्क सांगितला आहे, तो चिपशी थेट बोलणाऱ्या मूळ ड्रायव्हरला द्यायचा नाही. तत्त्वतः हे बरोबर होते. पण अनेक मदरबोर्डांचे फर्मवेअर असा पट्टा नुसता जाहीर करते आणि प्रत्यक्षात क्वचितच वापरते; कर्नलला हा फरक कळत नाही. परिणामी कालपर्यंत चालणारे सेन्सर कर्नलच्या नव्या आवृत्तीत गप्प झाले. उपाय म्हणून बूट-ओळीत (सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या पर्यायांत) ‘एसीपीआय_एनफोर्स_रिसोर्सेस=लॅक्स’ टाकण्याचा सल्ला सर्रास फिरू लागला आणि कोणता बोर्ड, कोणती चिप हे न पाहताच तो चिकटवला जाऊ लागला. या पर्यायाने वाद मिटत नाही, कर्नल फक्त इशारा देऊन बाजूला होतो. केवळ तापमान वाचायचे असेल तर धोका तुलनेने कमी. परंतु त्याच ड्रायव्हरमार्फत पंख्याचा वेग आपोआप बदलू द्यायचा असेल, तर ऐन उन्हाळ्यात पंखा मंदावण्याची जोखीम आपण स्वतःहून पत्करतो. त्या बोर्डासाठी एसीपीआयमार्फत वाचणारा ड्रायव्हर उपलब्ध असेल, तर तोच आधी आजमावावा. इशाऱ्याच्या संदेशातही हाच सल्ला असतो, पण तिथवर वाचतो कोण!

फर्मवेअरवर किती विश्वास ठेवायचा, हाच प्रश्न मेमरी-पट्ट्यांबाबत पुन्हा उभा राहिला. पीसीआय-ब्रिजच्या खिडक्यांची (पीसीआय उपकरणांसाठी राखलेल्या पट्ट्यांची) एसीपीआयने दिलेली माहिती कर्नलच्या २.६.३४ आवृत्तीपासून मानली जाऊ लागली, तीही बायॉस २००८ किंवा त्यानंतरचे असेल तरच. त्याआधीच्या यंत्रांची माहिती तेव्हा आपसूक दुर्लक्षित होत असे. त्यामुळे दिसायला सारख्या दोन संगणकांत केवळ बायॉसच्या तारखेमुळे वर्तन बदलू शकते. ‘पीसीआय=यूज_सीआरएस’ किंवा ‘पीसीआय=नोसीआरएस’ देऊन हा निर्णय उलटवता येतो, म्हणून बार (पीसीआय उपकरणाला लागणारा पट्टा) मिळाला नसल्याची तक्रार डीमेसेजमध्ये असेल तर आधी बायॉसची तारीख पाहावी. आयओमेम मात्र रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणूनच वाचावी, कारण अलीकडच्या कर्नलमध्ये इतरांना तिथे पत्त्यांच्या जागी नुसती शून्ये दिसतात.