शरणपूर ते मोंबासा: नाशिकहून आफ्रिकेत गेलेल्या तरुण उपदेशकांची पार्श्वभूमी

परदेशी निघालेल्या तरुण मिशनऱ्याची शेवटची तयारी म्हटली की इंग्लंड-अमेरिकेतली सेमिनरी, म्हणजे धर्मशिक्षणाची शाळा, आणि तिथून बोटीने मुंबईत उतरणारा गोरा साहेब डोळ्यांपुढे येतो. नाशिकच्या इतिहासात मात्र उलट दिशेचा प्रवासही आहे. १८६०च्या दशकात शरणपुरात शिकलेले तरुण समुद्रापार, पूर्व आफ्रिकेत उपदेशक म्हणून गेले. ते जन्माने आफ्रिकी होते आणि लहानपणी गुलाम म्हणून विकले गेले होते. शरणपूर रोडवरून रोज ये-जा करणाऱ्या नाशिककरांना ही हकीकत ठाऊक असायला हवी, असे मला मनापासून वाटते.

चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशिकमध्ये १८३२ला सुरू झाले. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला त्या काळी घर, नातेवाईक आणि बहुधा पोटापाण्याचा धंदाही सोडावा लागे. अशांसाठी विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५०च्या दशकात गावाबाहेर शरणपूर ही वस्ती वसवली. शाळा, अनाथाश्रम, कामाचे कारखाने आणि शेती सगळे एका जागी होते. म्हणजे आफ्रिकी मुले इथे आली तेव्हा घरदार तुटलेल्यांना सामावून घेण्याची सवय या वस्तीला आधीच होती.

ही मुले आली कुठून? अरबी गलबतांतून गुलामांची चोरटी वाहतूक चाले. ब्रिटिश आरमार ही गलबते पकडून सोडवलेल्या माणसांना मुंबईत आणी. त्यातली मुले मिशनांकडे सोपवली जात. मुंबईत त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली ती चार्ल्स विल्यम आयझेनबर्ग यांनी. हे जर्मन मिशनरी पूर्वी ॲबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, योहान क्राप्फ या मिशनऱ्यांबरोबर काम करत होते आणि पुढे क्राप्फ यांनीच पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मोंबासाचे मिशन सुरू केले. नाशिक आणि मोंबासा जोडले गेले ते या जुन्या ओळखीतून. १८६०मध्ये आयझेनबर्ग यांचा या मुलांसाठीचा आश्रम शरणपुरात हलवला गेला.

इथल्या शिक्षणाला दोन बाजू होत्या. एक वर्गातली: वाचन, लेखन, बायबल. दुसरी कारखान्यातली: सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम. पुढे आफ्रिकेत घरे बांधायची, शेती करायची आणि तिथेच शाळा चालवायची, तर पुस्तकाइतकीच करवत आणि ऐरणही हवी, हा त्यामागचा विचार होता. तो बरोबर होता. अडचण होती ती भाषेची. याओ, गल्ला अशा वेगवेगळ्या समाजांतली ही मुले फार लहानपणी पळवली गेली होती. इंग्रजी, हिंदुस्थानी आणि मराठीत ती वाढली. ज्या लोकांना शुभवर्तमान सांगायला त्यांना पाठवायचे, त्यांची बोली अनेकांच्या जिभेवर उरली नव्हती. जग ज्याला मायदेशी परत जाणे म्हणत होते, ते त्यांच्यापैकी कित्येकांना परक्या मुलखात जाण्यासारखेच होते.

१८६४मध्ये जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे तिघे मोंबासाजवळ राबाई येथे तिथले मिशनरी योहानेस रेबमान यांच्या मदतीला गेले. नाशिक-मुंबई वाटेवरच्या थळ घाटातली रेल्वे १८६५मध्ये खुली झाली, म्हणजे ते निघाले त्या वेळी घाटातला लोहमार्ग पुरा झालेला नव्हता.

दुसऱ्या वर्षी आफ्रिकेचे प्रसिद्ध प्रवासी आणि मिशनरी डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईत आले आणि आपल्या अखेरच्या प्रवासासाठी त्यांनी शरणपूरचे नऊ तरुण सोबत घेतले. त्यांच्या रोजनिशीत हे तरुण ‘नाशिक बॉइज’ म्हणून येतात, कधी कौतुकाने, पुष्कळदा तक्रारीने. १८७२मध्ये आणखी सहा जण त्यांना जाऊन मिळाले. त्यातला जेकब वेनराइट विशेष लक्षात ठेवावा असा. मे १८७३मध्ये आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले. सोबत्यांनी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले आणि देह उन्हात वाळवून, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळून किनाऱ्याकडे न्यायचे ठरवले. दफनाची उपासना चालवली जेकबने. झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानेच. शरणपूरच्या वर्गात शिकलेली प्रार्थना आणि अक्षरे त्या जंगलात उपयोगी पडली. देह बागामोयोच्या किनाऱ्यावर पोचायला पुढले कित्येक महिने लागले. एप्रिल १८७४मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्या मानकऱ्यांत जेकबही होता.

दरम्यान, मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी पूर्व आफ्रिकेलगतच्या झांझिबार बेटाच्या सुलतानाशी बोलणी केली आणि १८७३च्या तहाने तिथला गुलामांचा बाजार बंद झाला. सुटलेल्यांना ठेवायचे कुठे, हा प्रश्न उभा राहिला. नाशिकचा नमुना फ्रिअर यांना माहीत होता. मोंबासासमोर जमीन घेऊन वसाहत उभारली, तिला त्यांचेच नाव दिले, फ्रिअरटाउन. ती उभारायला १८७४च्या अखेरीस गेले ते शरणपूरचेच प्राइस, आणि नाशिकहून सुमारे दीडशे आफ्रिकी स्त्री-पुरुष तिथे जाऊन राहिले. शिक्षक, सुतार, लोहार, दुभाषे, उपदेशक, सगळी पहिली फळी या ‘बॉम्बे आफ्रिकनां’ची होती.

पुढचा काळ सोपा गेला नाही. मागाहून आलेल्या युरोपियन मिशनऱ्यांशी पगार आणि मानपान यांवरून खटके उडाले. सारखेच काम करून दुय्यम वागणूक मिळणे या शिकलेल्या माणसांना झोंबले, आणि त्यात गैर काहीच नव्हते. तरी मे १८८५मध्ये पूर्व आफ्रिकेचे बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेमलर यांना डीकन, म्हणजे धर्मगुरूपदाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाकडे निघाले ते जोन्स यांना घेऊन. वाटेत तांड्याचा मोठा भाग जोन्स यांच्या हवाली करून बिशप पुढे गेले आणि ऑक्टोबरमध्ये मारले गेले. थांबून, खात्री करून घेऊन जोन्स यांनी तांडा राबाईला परत आणला. पुढे निळी पताका होती आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द होता, ‘ईखाबोद’. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला, वैभव गेल्याचे सांगणारा.

लिव्हिंग्स्टन यांच्या नाशिककर सोबत्यांपैकी मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात १९३५पर्यंत जगले. फ्रिअरटाउन हे नाव त्या शहराच्या नकाशावर आजही आहे.