फ्लाइटगिअर: बंद पडलेला प्रकल्प आकाशात कसा गेला

लिनक्स वापरणाऱ्याला फ्लाइटगिअर हा संगणकावर विमान उडवण्याचा सिम्युलेटर आज आयता मिळतो. डेबियन किंवा फेडोराच्या पॅकेज-भांडारातून तो उतरवून घ्यायचा, 'एफजीएफएस' ही आज्ञा द्यायची, की काही वेळात सेसना १७२ हे छोटं विमान धावपट्टीवर उभं असतं. पैसे नाहीत, परवान्याचा क्रमांक नाही आणि आतला सगळा सोर्स कोड वाचायला मोकळा. हे इतकं सुरळीत दिसतं की १९९७च्या सुरुवातीला हा प्रकल्प संपल्यात जमा होता, हे सांगूनही पटत नाही. तो ज्या पद्धतीने वाचला, तीच पुढे त्याची कामाची पद्धत झाली. त्याची ताकद तिथून आली आणि आजच्या अडचणीही तिथूनच आल्या.

घरच्या संगणकावर विमान उडवण्याची हौस त्याहून जुनी. सबलॉजिक कंपनीच्या ब्रूस आर्टविक यांनी आधी ॲपल टू साठी सिम्युलेटर लिहिला आणि त्यांच्याच कामातून १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर बाजारात आला. नव्वदच्या दशकात त्याचे चाहते जगभर होते. पण पंखाला किती उचल मिळते हे काढणारं गणित त्यात कुणाला दिसत नव्हतं. ते तपासायचं असेल, आपल्या विमानासाठी बदलायचं असेल, तर वाटच नव्हती. दुसरीकडे विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत युनिक्स वर्कस्टेशनवर चालणारे सिम्युलेटर होते. त्यांच्यातल्या काहींचा कोड मिळायचा, पण ती यंत्रं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. लिनक्स आल्यावर हे अंतर मिटण्याची शक्यता पहिल्यांदा निर्माण झाली, कारण युनिक्ससारखी व्यवस्था आता साध्या पीसीवर चालू लागली होती.

एप्रिल १९९६ मध्ये डेव्हिड मर यांनी इंटरनेटवर एक प्रस्ताव मांडला. सिम्युलेटर स्वयंसेवकांनी मिळून लिहावा, तो सगळ्यांचा असावा, त्यात कुणालाही भर घालता यावी. कल्पनेला प्रतिसाद चांगला मिळाला आणि काम सुरूही झालं. मात्र त्रिमितीय चित्र काढणारा भाग पहिल्या ओळीपासून स्वतः लिहायचा, असा बेत होता. तो भाग ज्याच्या हातात होता तो आपल्या प्रबंधाच्या लिखाणात गुंतला आणि सगळं काम थांबलं. मर स्वतःही पुढे प्रकल्पातून बाहेर पडले. स्वयंसेवी प्रकल्प बहुतेक असेच संपतात. भांडण होत नाही, फक्त एका माणसाला वेळ उरत नाही.

१९९७च्या मध्यावर मिनेसोटा विद्यापीठातले कर्ट ओल्सन यांनी तो पुन्हा हाती घेतला. त्यांचा विचार सरळ होता: जे आधीच लिहून झालंय आणि मोकळं आहे, ते पुन्हा कशाला लिहायचं? नासाच्या लँगली संशोधन केंद्रातल्या ब्रूस जॅक्सन यांनी 'लार्कसिम' नावाचा उड्डाण-गणिताचा कार्यक्रम सी भाषेत लिहिला होता. ओल्सन यांनी तो घेतला, त्यातलं हवं ते ठेवलं, आणि चित्रासाठी स्वतःचं इंजिन लिहिण्याचा नाद सोडून ओपनजीएल वापरलं. सिलिकॉन ग्राफिक्सने १९९२ मध्ये आणलेलं, त्रिमितीय चित्र काढण्याचं हे मानक महागड्या वर्कस्टेशनांसाठी होतं. पण ब्रायन पॉल यांनी 'मेसा' ही त्याची मुक्त आवृत्ती लिहिली होती आणि १९९५ पासून ती उपलब्ध होती. त्यामुळे एकच कोड वर्कस्टेशनवरही चालायचा आणि लिनक्सच्या पीसीवरही. मेसा सुरुवातीला सगळं चित्र प्रोसेसरकडूनच काढून घ्यायची, त्यामुळे वेग फारसा नसायचा. पुढे वूडूसारखी ग्राफिक कार्डं लिनक्सवर चालू लागली आणि हे उड्डाण बघण्यासारखं झालं. त्याच वर्षी, १९९७ मध्येच, पहिली चालणारी आवृत्ती बाहेर पडली.

माझ्या मते फ्लाइटगिअरचा खरा जन्म हा आहे. १९९६चा प्रस्ताव महत्त्वाचा, पण आधी कुणीतरी मोकळं करून ठेवलेलं काम उचलून त्यावर पुढचं बांधायचं, ही सवय इथे लागली.

लार्कसिम कायम राहिला नाही, आणि तो बदलता आला ही त्याच्याइतकीच मोठी गोष्ट. जॉन बर्न्ट यांनी 'जेएसबीसिम' हे स्वतंत्र उड्डाण-प्रारूप लिहिलं आणि ते फ्लाइटगिअरमध्ये आलं. त्यात विमानाचं वागणं कोडमध्ये नसून एक्सएमएल फाइलमध्ये असतं: कोणत्या कोनाला किती उचल, हवेची किती ओढ, कोणत्या वेगाला किती आघूर्ण (विमान फिरवणारा जोर), अशी कोष्टकं. पवनबोगद्यातली किंवा प्रसिद्ध झालेल्या अहवालांतली आकडेवारी हाती असेल तर हे प्रारूप उत्तम. पण बहुतेक विमानांची अशी आकडेवारी कुणाकडेच नसते. त्यासाठी अँडी रॉस यांनी 'यासिम' लिहिलं. त्याला पंखांची लांबी-रुंदी, वजन, इंजिन, वेग अशी माहिती दिली की विमान साधारण कसं उडेल हे ते भूमितीवरून काढतं. इलिनॉय विद्यापीठाने पंखांवर बर्फ साचल्यावर काय होतं याच्या अभ्यासासाठी आपलं वेगळं प्रारूप जोडलं. तिन्ही एकाच कार्यक्रमात नांदू शकली, कारण चित्र काढणारा भाग आणि गणित करणारा भाग एकमेकांत अडकवलेले नव्हते. आजही गणित सेकंदाला १२० वेळा, ठरलेल्या पावलाने होतं. पडद्यावर सेकंदाला २० चित्रं दिसोत की ६०, विमानाचं वागणं तेच राहतं.

हे भाग जोडून ठेवतो तो 'प्रॉपर्टी ट्री'. सन २०००च्या सुमारास डेव्हिड मेगिन्सन यांनी तो आणला. सिम्युलेटरमधली प्रत्येक बदलती गोष्ट, म्हणजे उंची, फ्लॅपचा कोन, टाकीतलं इंधन, वाऱ्याची दिशा, फोल्डरमधल्या फाइलसारखी एका झाडावर टांगलेली असते आणि तिला स्वतःचा पत्ता असतो. अल्टिमीटरचा काटा उंचीच्या पत्त्यावरची किंमत वाचतो. ती किंमत कोणत्या प्रारूपाने लिहिली याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. फ्लाइटगिअर सुरू करताना टेलनेट (दुसऱ्या संगणकाला आज्ञा देण्याचं साधन) किंवा ब्राउझरसाठी एक पोर्ट, म्हणजे जोडणीचा मार्ग, उघडून दिला, तर विमान हवेत असताना दुसऱ्या संगणकावरून हे झाड चाळता येतं. इंधनाचा आकडा शून्य करा, इंजिन खरंच बंद पडतं. कोडची एक ओळही न लिहिता हे करता येतं, म्हणूनच विमानं बनवणाऱ्यांत प्रोग्रामर नसलेली माणसं इतकी आली. संशोधकांनाही हेच आवडलं. गणित आपलं चालवायचं आणि फ्लाइटगिअरला फक्त खिडकीसारखं वापरायचं, अशी सोय मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरच्या कंपनीनेही आपल्या उत्पादनात दिली आहे.

जमिनीचं काम याहून अवघड होतं. संपूर्ण पृथ्वी हवी, सपाट नको, ही अट ओल्सन यांनी सुरुवातीपासून धरली आणि तिथे एक चिवट अडचण उभी राहिली. पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर. ग्राफिक कार्ड साधारणपणे ३२ बिटांच्या संख्यांत हिशेब करतं आणि एवढ्या मोठ्या आकड्याजवळ अशा लगतच्या दोन संख्यांत अर्ध्या मीटरचं अंतर पडतं. म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर कॉकपिटमधलं एकही बटण आपल्या जागेवर ठरणार नाही, सगळं थरथरत राहील. उपाय असा: जमिनीचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा मध्य ६४ बिटांत नोंदवायचा आणि आतले बिंदू त्या मध्यापासून मोजायचे. म्हणजे आकडे लहान राहतात आणि अचूकता परत मिळते. ध्रुवांकडे रेखांश जवळ येतात, तिथे तुकडे अंशांत रुंद करत न्यायचे. हे तुकडे बनवायला 'टेरागिअर' हे वेगळं साधन तयार झालं, आणि अनेक प्रकल्पांना उपयोगी पडेल असा कोड 'सिमगिअर' नावाच्या लायब्ररीत गेला.

पण साधन असून भागत नाही, माहिती लागते. इथेही सार्वजनिक पैशातून झालेलं काम कामी आलं. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने उंची मोजली: उत्तरेला ६० अंशांपासून दक्षिणेला ५६ अंशांपर्यंत, पृथ्वीवरची सुमारे ८० टक्के जमीन. ही माहिती खुली झाली आणि स्वयंसेवकांच्या सिम्युलेटरला खरे डोंगर मिळाले. उभ्या कड्यांच्या प्रदेशात रडारला न दिसलेल्या जागांची भोकं होती, ती भरायला वेगळे कष्ट पडले. किनारे, नद्या, रस्ते यांच्यासाठी अमेरिकी सरकारचे खुले नकाशे वापरले गेले. धावपट्ट्यांची यादी एक्स-प्लेन या व्यापारी सिम्युलेटरच्या चाहत्यांबरोबर वाटून घेतली. व्यापारी आणि मुक्त अशा दोन्ही बाजूंचे लोक एकच यादी दुरुस्त करतात, ही या क्षेत्रातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट.

१.० हा क्रमांक लागायला डिसेंबर २००७ उजाडला, म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतर १० वर्षं. लगेच पुढच्या वर्षी, १.९ मध्ये, चित्राचा पाया बदलला. तोवर स्टीव्ह बेकर यांची 'पीलिब' ही लायब्ररी वापरात होती. तिच्या जागी 'ओपनसीनग्राफ' आली. तिचं मूळही उड्डाणातच आहे. डॉन बर्न्स यांनी १९९८ मध्ये हँगग्लायडरच्या सिम्युलेटरसाठी ती लिहायला घेतली होती.

परवाना जीपीएल, म्हणजे कोड वापरायला, बदलायला आणि वाटायला मोकळीक देणारा, असल्याने फ्लाइटगिअर विकायलाही मनाई नाही. त्याचा फायदा घेऊन काहींनी नाव बदलून तोच सिम्युलेटर पैसे घेऊन विकला. परवान्याच्या अटी पाळल्या, तर त्यात बेकायदा काही नाही. पण हा फुकट मिळतो हे घेणाऱ्याला न सांगणं मला आजही चुकीचं वाटतं. अशा मुक्त परवान्यांमुळे बरंच चांगलंही घडलं. जेएसबीसिमचं स्वतंत्र आयुष्य सुरू झालं. उड्डाण-गणितं एकमेकांशी पडताळण्यासाठी नासाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत ते होतं, आणि ऑगस्ट २०२० मध्ये डार्पा या अमेरिकी संरक्षण-संशोधन संस्थेने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वैमानिकांची हवाई झुंज लावली तेव्हा त्यातलं एफ-१६ जेएसबीसिमवरच उडत होतं. जानेवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या सिम्युलेटरचा स्टुडिओ बंद केला, तेव्हा त्या कोडचं काय होणार हे ठरवणं बाहेरच्या कुणाच्याही हातात नव्हतं. फ्लाइटगिअरच्या बाबतीत तसा प्रसंग येऊच शकत नाही.

उसन्या भागांवर उभं राहण्याची किंमत मात्र लिनक्सवर सोर्स कोडवरून स्वतः बांधणी करणाऱ्याला रोज दिसते. क्रम पाळावा लागतो: आधी ओपनसीनग्राफ, मग सिमगिअर, मग फ्लाइटगिअर, आणि सोबत काही गिगाबाइटचा मूळ डेटा. डेटाची आणि कार्यक्रमाची आवृत्ती जुळली नाही, तर तो सुरूच होत नाही. म्हणून हे सगळं एका दमात करणारी स्क्रिप्ट प्रकल्पाने स्वतः दिली आहे; नव्याने येणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी. कोड ठेवायची जागाही पुन्हा पुन्हा हलली. सीव्हीएस या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या जुन्या साधनावरून २०१० मध्ये गिट या नव्या साधनावर, गिटचा कोड ठेवलेलं गिटोरियस हे संकेतस्थळ २०१५ मध्ये बंद पडल्यावर सोर्सफोर्जवर, आणि आता गिटलॅबवर. ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर बदलला की सावल्या किंवा ढग बिघडल्याच्या तक्रारी येतात, त्या वेगळ्याच.

सध्याचा मोठा प्रश्न ओपनसीनग्राफचा आहे. तिच्या मुख्य विकासकांचं लक्ष आता व्हल्कन या ओपनजीएलनंतरच्या नव्या ग्राफिक्स मानकावर आधारलेल्या पुढच्या लायब्ररीकडे आहे आणि जुनीची फक्त देखभाल चालते. उड्डाणाचं गणित बदलणं सोपं गेलं, कारण प्रॉपर्टी ट्रीच्या पलीकडे कुणाला त्याची खबर नव्हती. चित्राच्या बाजूला तसं नाही. शेकडो विमानांच्या ॲनिमेशन फाइली, प्रकाशाचे आणि पाण्याचे परिणाम, जमिनीचे तुकडे वाचणारा कोड, सगळं ओपनजीएल आणि ओपनसीनग्राफ गृहीत धरून लिहिलंय. ते टप्प्याटप्प्याने सोडवावं लागेल. कंपाइलर चालवता येणारा आणि थोडं ग्राफिक्स समजणारा माणूस या कामात आजही सर्वांत जास्त हवा आहे.