तीन हजार जांग लांब पांढरे केस

'दुःखापायी माझे पांढरे केस तीन हजार जांग लांब झाले', आठव्या शतकातला चिनी कवी ली बाय याची ही ओळ पहिल्यांदा वाचली की वाटतं काहीही काय. एक जांग म्हणजे साधारण ३ मीटर, म्हणजे केस झाले ९ किलोमीटर! पण पुढे वाचा, तो आरशात बघतो आणि विचारतो, हे शरदातलं दहिवर इथे कुठून आलं? ७४४ मध्येच सम्राटाचा दरबार सुटलेला, पन्नाशी उलटलेली, आन्हुई भागात छ्यूफूला भटकताना लिहिलेल्या १७ छोट्या कवितांमधली ही १५वी. आणि तीन हजार हा आकडा मोजायचा नसतोच, तो 'अमाप' या अर्थाने येतो, त्याच्याच दुसऱ्या कवितेत धबधबासुद्धा तीन हजार फूट कोसळतो.

दुःखाला माप लावायची ही सवय मात्र त्याच्या आधीची. सहाव्या शतकातला कवी यू शिन याच्या नावावर एक ओळ आहे, इंचभर काळजात दहा हजार 'हू' दुःख. हू हे धान्याचं माप, आपल्या पायली-खंडीसारखं, म्हणजे दुःख कोठारात भरायचं!

मला सगळ्यात हलवून सोडतो तो ली बायच्याच काळातला कवी तू फू. ७५५च्या हिवाळ्यात तो राजधानी छांगआनहून फंगशियानला घरी पोचला तर आत रडारड, तान्हा मुलगा उपासमारीने गेलेला. आणि तरी तो म्हणतो की मला ना कर भरावा लागत ना सैन्यात जावं लागत, माझे हे हाल तर ज्यांची जमीन गेली त्यांचं काय, सीमेवरच्या शिपायांचं काय, आणि मग शेवटी येतं की माझी चिंता चोंगनान पर्वताएवढी झालीये. आपण दुःखाचा डोंगर सहज बोलून जातो, इथे त्या डोंगराला नाव आहे आणि तो राजधानीच्या दक्षिणेला खराखुरा उभा आहे. याला अतिशयोक्ती म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

पुढे राज्य गमावून सोंग राजघराण्याच्या कैदेत पडलेला राजा-कवी ली यू (९३७-९७८) विचारतो, दुःख किती? तर पूर्वेकडे वाहणाऱ्या वसंतातल्या भरल्या नदीएवढं.

आणि कवयित्री ली छिंगचाओ. ११२७ला सोंग घराण्याचं उत्तरेतलं राज्य बुडालं, ११२९ला नवरा गेला, ११३५ला ती दक्षिणेत चिन्हुआ गावी आसऱ्याला होती. तिथल्या शुआंगशी नदीवर अजून वसंत छान आहे म्हणे, होडीतून चक्कर मारावी असं तिच्या मनात येतं, पण भीती एकच, ती टोळाएवढी होडी, तिला एवढं दुःख पेलायचं नाही.