मूर्तीतील बदल मेणातच का सांगावेत
(मेणाच्या साच्यातून ओतलेल्या मूर्तींविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहिती)

मूर्तीची मागणी नोंदवल्यानंतर साधारण तिसऱ्या आठवड्यात आम्ही आपल्याला कार्यशाळेत बोलावतो आणि मेणाची मूर्ती आपल्या हातात देतो. त्या दिवशी घरात ज्यांचा शब्द अखेरचा मानला जातो त्यांना शक्यतो सोबत आणावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. चेहऱ्याचा भाव, हातातील आयुधे, बैठकीची उंची यांत काही बदल हवा असेल तर तो त्याच वेळी सांगावा लागतो, कारण एकदा मेणावर माती चढली की पुढचे दर्शन थेट धातूचेच होते.

हा नियम आम्ही आमच्या सोयीसाठी केलेला नाही. तो या पद्धतीच्या पोटातच आहे. मूर्ती आधी मेणाची घडवायची, तिच्यावर मातीचे थर द्यायचे, माती तापवून मेण वितळवून बाहेर काढायचे आणि उरलेल्या पोकळीत धातू ओतायचा, असे हे काम आहे. मेण वितळून जाते आणि मातीचा साचा फोडल्याशिवाय मूर्ती बाहेर येत नाही, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती मिळते. संस्कृतात या पद्धतीला ‘मधूच्छिष्टविधान’ म्हणतात; मध काढून घेतल्यावर मागे राहते ते मधूच्छिष्ट, म्हणजे मेण.

आम्ही ज्या वर्णनाच्या आधारे काम करतो ते कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात आहे. इ.स. 1130 च्या सुमारास हा ग्रंथ सिद्ध झाला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद ज्या ग्रंथात सापडते, तोच हा ग्रंथ. पद्धत अर्थातच त्याहून फार जुनी आहे. मोहेंजोदडो येथे 1926 मध्ये मिळालेली, जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंचीची नर्तकी याच रीतीने ओतलेली आहे. आपल्याकडे प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे 1974 मध्ये रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार ओतीव वस्तू सापडल्या. त्यांचे एकत्रित वजन 60 किलोपेक्षा जास्त आहे. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, परंतु एवढा धातू एका कामासाठी वितळवून सांभाळणाऱ्या हातांबद्दल आम्हाला फार आदर वाटतो.

मेण आम्ही मधमाशीचेच घेतो. त्यात राळ आणि थोडे शेंगदाण्याचे तेल मिसळले की ते कोरता येण्याइतके घट्ट आणि वाकवता येण्याइतके नरम होते. मेण बाहेर यावे आणि धातू आत जावा म्हणून मूर्तीच्या पाठीवर, खांद्यांवर आणि मुकुटावर मेणाच्याच नळ्या जोडतात. ग्रंथकाराने त्यांना धोत्र्याच्या फुलाची उपमा दिली आहे, आणि तोंडाशी रुंद होत गेलेली नळी पाहिली की ती किती नेमकी आहे हे पटते. त्यानंतर मातीचे तीन थर येतात. जळलेला तूस, अगदी बारीक कातरलेला कापूस आणि थोडे मीठ घालून ही माती पाट्यावर वाटायची असते. पहिला थर पातळ, सावलीत वाळवलेला. तिसरा मात्र जाड.

सर्वांत जास्त काळजी या पहिल्या थराची घ्यावी लागते. विठ्ठलाची मूर्ती पाहावी: कमरेवर हात ठेवल्यामुळे कोपर आणि कूस यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना लहानशी खिडकी तयार होते. त्या खिडकीत पातळ माती मऊ कुंचल्याने आणि करंगळीच्या टोकाने, थोडी थोडी करून बसवावी लागते. तिथे मेणालगत मोहरीएवढा हवेचा बुडबुडा राहिला, तर ओतताना त्या जागी धातू शिरतो आणि देवाच्या दंडावर मोहरीएवढीच गाठ येते. ती कानशीने काढता येते, पण अंगरख्याची घडी असलेल्या ठिकाणी काढलेली गाठ जाणकाराला ओळखू येते.

धातूचा अंदाज मेणाच्या वजनावरून बांधतात. पितळ किंवा तांबे मेणाच्या आठपट, चांदी बारापट आणि सोने सोळापट घ्यावे, असे मानसोल्लासात सांगितले आहे. नळ्यांसह मेण 400 ग्रॅम भरले तर या हिशेबाने पितळ 3 किलो 200 ग्रॅम लागते. आम्ही 3 किलो 600 ग्रॅम वितळवतो, कारण मुशीत, म्हणजे धातू वितळवण्याच्या भांड्यात, वर येणारी मळी काढून टाकावी लागते आणि पितळेतील काही जस्त वाफ होऊन उडून जाते. किमतीचा पक्का आकडा आम्ही मेण तोलल्यानंतरच देतो, तोही आपल्यासमोर.

ओतताना साचा तापलेला असावा लागतो आणि धार अखंड असावी लागते. धार क्षणभर तुटली तरी आधीचा धातू थिजतो व दोन धारांमध्ये सांधा राहतो. पितळेची भट्टी आम्ही हजार अंशांच्या आसपास ठेवतो. भात्याऐवजी विजेचा पंखा आणि रंगावरच्या अंदाजाच्या जोडीला तापमापक, एवढी नवी साधने आम्ही वापरतो, आणि ती आपल्यापासून लपवण्याचे कारण नाही.

आमच्या सुरुवातीच्या काळात आम्ही एका श्रावणात, ग्राहकाला दिलेली तारीख पाळण्यासाठी, पुरता न वाळलेला साचा भट्टीजवळ घेतला. वरून कोरडी दिसणारी माती आत ओली होती. धातू आत जाताच वाफ कोंडली आणि साचा फुटून पितळ जमिनीवर सांडले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही, पण दोन महिन्यांचे काम गेले. तेव्हापासून जुलै ते सप्टेंबर आम्ही ओतकाम पूर्ण बंद ठेवतो. गणेशोत्सवासाठी मूर्ती हवी असल्यास मागणी गुढीपाडव्यापूर्वी नोंदवावी.

पंचधातूची मूर्ती हवी असल्यास त्यातील सोने व चांदी आपण आणावी. ती आपल्यादेखत तोलून मुशीत टाकली जाते. शिसे आम्ही कोणत्याही मूर्तीत वापरत नाही. मूर्तीच्या पाठीवर नळ्या कापल्याच्या फिकट खुणा दिसतील. त्या आम्ही घासून एकसारख्या करतो, परंतु पूर्ण मिटवण्यासाठी आजूबाजूचे कोरीव काम झिजवत नाही. घरी मूर्ती स्वच्छ करताना चिंच किंवा लिंबू लावल्यास ते लगेच धुवून टाकावे आणि मूर्ती मऊ कापडाने कोरडी करावी. तारेची घासणी मात्र कधीही वापरू नये. मेण पाहायला येण्याचा दिवस आम्ही आठवडाभर आधी दूरध्वनीने कळवतो, आणि आपला होकार मिळेपर्यंत मातीला हात लावत नाही.